गाठोड्यातला रुपया ओळखायला शिकूया



या महिन्याचा पाठ हिशेबाचाच आहे, पण बचतीच्या वहीतला नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी आजीच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यातल्या डबीत नाहीतर जुन्या लुगड्याच्या गाठीत चांदीचे रुपये असतात. कुणाकडे एकच, लक्ष्मीपूजनाचा. कुणाकडे आईने लग्नात दिलेले पाच-सात. आपण सगळ्यांना सरसकट 'राणी छाप' नाहीतर 'राजा छाप' म्हणतो आणि पुन्हा गाठ मारून ठेवून देतो.

ती गाठ सुटते ती अडचणीत. पेरणी तोंडावर असते, दवाखाना निघतो, पोराची फी भरायची असते. मग एखादी बाई एकटीच तालुक्याला सराफाकडे जाते. तिथे पाच मिनिटांत काम उरकतं. "जुनी चांदी आहे, घट जाईल" एवढं ऐकायचं आणि हातात पडतील ते पैसे घेऊन परत यायचं. दुसऱ्या बाजूला मोबाइल आहे. त्यावर कुणीतरी ओरडून सांगत असतो की हे नाणं दहा लाखाला जातं. म्हणजे एकीकडे रुपया कमी भावात जातो आणि दुसरीकडे आपलेच चार पैसे 'नोंदणी फी' म्हणून जातात. दोन्हीचं कारण एकच. नाण्यावर काय लिहिलंय, ते आपण वाचलेलं नसतं. इंग्रजी येत नसलं तरी ते वाचता येतं. कसं, ते बघू.

आधी तीन नावं लक्षात ठेवा. चेहऱ्याची बाजू म्हणजे छापा. साल आणि किंमत असलेली बाजू म्हणजे काटा. आणि तिसरी बाजू, जी कुणी बघतच नाही, ती म्हणजे कड. आजच्या पाठात कडेला फार महत्त्व आहे.

राणी कोणती आणि राजा कोणता

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. त्यावर विल्यम राजाचा चेहरा होता. यंत्रावर पाडलेला, गोल, कडेला खाचा असलेला हा रुपया म्हणजे आपले म्हातारे लोक म्हणायचे तो कलदार. कल म्हणजे यंत्र. पुढे १८४० साल घातलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया आला. या राणीच्या डोक्यावर मुकुट नाही. केस मागे बांधलेले आहेत आणि चेहरा तरुण आहे. मुकुट नसलेली राणी दिसली की तो कंपनीचा रुपया समजायचा.

या १८४० च्या रुपयातही दोन प्रकार आहेत. एकात राणीच्या भोवतीची अक्षरं डोक्यावरून सलग जातात, बांगडीसारखी. दुसऱ्यात डोकं मध्ये येतं आणि अक्षरं दोन तुकड्यांत पडतात, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. नाणी जमवणारे लोक पहिल्यांदा हेच बघतात. चांदी दोन्हींत सारखीच.

१८५७ चं बंड झालं, कंपनीचं राज्य गेलं आणि कारभार थेट राणीच्या सरकारकडे आला. मग १८६२ च्या रुपयावर राणीला मुकुट चढला आणि अंगावर नक्षीचं भरजरी वस्त्र आलं. काट्यावर गोल वेलबुट्टी आली. आपल्याकडे सापडणारे राणी छाप बहुतेक या जातीचे असतात.

आता इंग्रजी न येणाऱ्या ताईंसाठी एक युक्ती. राणीच्या नावानंतर जो शब्द आहे, त्याची अक्षरं मोजा. पाच अक्षरं असली आणि पहिलं अक्षर शेपटीवाल्या गोलासारखं असलं, तर तो शब्द 'क्वीन', म्हणजे राणी. सात अक्षरं असली आणि शेवटी नागमोडी दोन अक्षरं शेजारी शेजारी असली, तर तो 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी. क्वीन लिहिलेला रुपया आधीचा. १८७७ पासून एम्प्रेस सुरू झालं ते राणी वारेपर्यंत, १९०१ पर्यंत चाललं.

एक गंमत सांगते, कारण यावर बायकांची हमखास चर्चा होते. "आमच्याकडे चार रुपये आहेत, चारही १८६२ चेच कसे?" त्याचं कारण असं की तेव्हा टांकसाळीत दरवर्षी साल बदलत नसत. १८४० चं साल पुढची वीसेक वर्षं तसंच छापत राहिले आणि १८६२ चं साल १८७३ पर्यंत. १८७४ पासून दरवर्षीचं खरं साल यायला लागलं. त्यामुळे १८६२ चा रुपया दुर्मिळ वगैरे नाही, तो भरपूर पाडला गेला. मात्र काही १८६२ च्या रुपयांवर सालाखाली बारीक टिंबं दिसतात, कधी एक, कधी जास्त. भिंगातून ती मोजता येतात. त्या टिंबांवरून कोणता रुपया केव्हाचा हे अभ्यासक लावतात आणि टिंबांचे वेगवेगळे नमुने जमवणारे हौशी लोकही आहेत. म्हणून १८६२ चे चार असले तरी चारही एकसारखे आहेत असं धरू नका. उन्हात बसून बघा.

राण्या झाल्या. आता राजे तीन. सातवा एडवर्ड, १९०३ ते १९१० चे रुपये. याच्या डोक्यावर मुकुट नाही, टक्कल आणि दाढी आहे. मुकुट काट्याच्या बाजूला वर छापलाय. हा राजा आपल्या उजव्या हाताकडे बघतो. पुढचे दोन्ही जॉर्ज डाव्या हाताकडे बघतात. पाचवा जॉर्ज, १९११ पासून. दाढी आहे, मुकुट आहे आणि अंगावर भरजरी झगा आहे. सहावा जॉर्ज, १९३८ पासून. याला दाढी नाही, मुकुट आहे, पण झगा नाही. मान जिथे संपते तिथेच चित्र संपतं.

पाचव्या जॉर्जच्या झग्यावर एक बारीक हत्ती आहे, छातीवरच्या साखळीत. १९११ सालच्या रुपयावर त्या हत्तीची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजाने त्याला हरकत घेतली, एकूणच बोभाटा झाला. सरकारने रुपये देणं थांबवलं, टांकसाळीत असलेले बरेचसे वितळवले आणि १९१२ पासून सोंड लांब केली. म्हणून १९११ च्या रुपयाला आजही इतरांपेक्षा थोडा जास्त भाव मिळतो. थोडा जास्त म्हणतेय, लाखांत नव्हे. आणि साल नीट वाचा, १९११ आणि १९१७ यात झिजलेल्या नाण्यावर गफलत होते.

चांदीचा खरा फरक कडेवर दिसतो

इथपर्यंतचं सगळं हौसेचं वाटलं असेल तर आता नीट लक्ष द्या, कारण पैशाचा मुद्दा इथे आहे.

१८३५ पासून १९३९ पर्यंतच्या या सगळ्या रुपयांचं वजन ११.६६ ग्रॅम. आपला जुना तोळा म्हणजे हेच वजन. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग दुसरा धातू. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. राणी असो की राजा, कसात फरक नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. लोक चांदीचे रुपये घरात दडवून ठेवायला लागले, बाजारात रुपया दिसेना. मग १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली. वजन तेच, ११.६६ ग्रॅम, पण शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. चेहरा सहाव्या जॉर्जचाच. वरवर बघितलं तर १९३८ चा आणि १९४२ चा रुपया सख्खे भाऊ वाटतात.

कडेवर बघा. जुन्या रुपयाच्या कडेला नुसत्या उभ्या खाचा आहेत. १९४० नंतरच्या बहुतेक रुपयांच्या कडेवर खाचांच्या मधोमध आडवी एक पन्हळ फिरवलेली आहे. खोटी नाणी पाडणाऱ्यांना ते जमू नये म्हणून. ती बघितली, सालही १९४० ते १९४५ मधलं असलं, की तो रुपया अर्ध्या चांदीचा.

आता हिशेब करू. आकडा सोपा पडावा म्हणून चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. खरा भाव त्या दिवशीचा विचारायचा. तुमच्याकडे जुन्या कसाचे २० रुपये आहेत. त्यातली शुद्ध चांदी सुमारे २१३.८ ग्रॅम, किंमत २१,३८० रुपये. हेच २० रुपये १९४० नंतरचे असते तर शुद्ध चांदी ११६.६ ग्रॅम, किंमत ११,६६० रुपये. फरक जवळजवळ पावणेदहा हजारांचा. राणी छाप आणि युद्धातले रुपये एकत्र गाठीत बांधून नेले आणि समोरच्याने "सगळी निम्मी चांदी" म्हणून तोलले, तर राणी छापाचे पैसे गेले. म्हणून घरीच दोन ढीग करायचे. कोणत्या ढिगात किती नग ते कागदावर लिहायचं. कागद दाखवला की समोरचा माणूसही वेगळं बोलतो, हा अनुभव आपल्या व्यवहारांत सगळ्यांनाच आहे.

तोळ्याचाही एक घोळ आहे. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात १० ग्रॅम असतात. आपल्या घरातली माणसं म्हणतात, "वीस रुपये म्हणजे वीस तोळे." दोघंही तोळा म्हणतात आणि मधल्यामध्ये ३३ ग्रॅम गायब होतात, कारण जुने वीस तोळे म्हणजे २३३ ग्रॅम. तेव्हा तोळा हा शब्दच काढायचा नाही. ग्रॅम म्हणायचं.

जुना रुपया वापरून झिजलेला असतो, त्यामुळे वजन ११.६६ पेक्षा थोडं कमी भरेल, ते बरोबरच आहे. पण ९ किंवा १० ग्रॅमच भरला, किंवा १२ च्या वर गेला, तर शंका घ्या. अधेली, पावली, चवली असेल तर वजन निम्म्या-निम्म्याने उतरतं: ५.८३, २.९२, १.४६ ग्रॅम.

१९४७ च्या रुपयाचं काय? त्याच्या काट्यावर वाघ आहे. दिसतो पांढरा, पण त्यात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा. पोरांच्या खेळण्यातलं लोहचुंबक लावा, चिकटेल. चांदी चिकटत नाही. उलट मात्र खरं धरू नका. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असं नसतं. जर्मन सिल्व्हर म्हणतात ती चांदी नसते आणि तीही चिकटत नाही.

मराठवाड्यातल्या ताईंकडे चारमिनारचं चित्र असलेला रुपया असेल. तो निजामाचा हाली सिक्का. त्याचं वजन साधारण ११.१८ ग्रॅम आणि चांदीचा कसही इंग्रजी रुपयापेक्षा कमी. त्याचा तिसरा ढीग करा. वरचा हिशेब त्याला लावू नका.

टांकसाळीची खूण

हे बारकाईचं काम आहे, डोळे चांगले असतील त्या पोरीबाळींना द्या. रुपये मुख्यतः मुंबई आणि कलकत्ता इथे पाडले जात. राणीच्या आणि एडवर्डच्या रुपयावर काट्याच्या तळाशी नक्षीत पुष्कळदा बारीक इंग्रजी 'बी' सापडतो, कधी उठावाचा, कधी आत कोरलेला. तो मुंबईचा. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे तळाच्या कमळाखाली एक टिंब. काहीच खूण नसेल तर बहुधा कलकत्ता. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत लाहोरलाही रुपये पाडले, त्यावर 'एल' आहे. चांदीच्या भावाला याने काही फरक पडत नाही. जमवणाऱ्यांना पडतो, कारण एकाच सालात एका टांकसाळीने ढिगाने आणि दुसरीने थोडे पाडले असं झालेलं आहे.

खोटा कसा कळतो

पहिली परीक्षा अगदी सोपी. चेहरा आणि साल जुळतं का? राणीचा चेहरा आणि साल १९०८, असं असूच शकत नाही. एडवर्डचा चेहरा आणि १९१५, तेही नाही. दिवाळीत पूजेसाठी विकायला येणाऱ्या नकली रुपयांत असल्या चुका सर्रास असतात.

मग अक्षरं बघा. खरं नाणं ठोकून पाडलेलं असतं, अक्षराची कड झिजली तरी मुळाशी ताठ असते. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याची अक्षरं साबणावरच्या शिक्क्यासारखी गुळगुळीत असतात, पृष्ठावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि कडेवर कधी कधी सांधा दिसतो. जुने दुकानदार रुपया दगडावर वाजवून घेत. चांदीचा खणखणतो आणि नाद जरा वेळ टिकतो. खोटा बद्द वाजतो. मात्र कडी लावलेला किंवा चीर गेलेला खरा रुपयाही बद्द वाजतो, हे लक्षात असू द्या.

१९३९ चा रुपया फार थोडा उरला आहे, खरा मिळाला तर त्याची किंमत मोठी. आणि म्हणूनच बाजारात १९३९ चे खोटे फार. १९३८ च्या आठाचा नऊ केलेलेही असतात. तुमच्या गाठीत १९३९ निघाला तर आनंद पोटात ठेवा, कुणाला सांगू नका आणि आधी जाणकाराला दाखवा.

राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेलं, १८१८ किंवा १६१६ असलं साल आणि कंपनीचं नाव घातलेलं तांब्या-पितळेचं नाणं बऱ्याच घरांत असतं. ते कंपनीने कधी काढलेलं नाही. तांदूळ ओढतं, चमत्कार करतं म्हणून त्याच्या नावावर लोक लुबाडले जातात. देव्हाऱ्यात असेल तर श्रद्धेने राहू द्या, पण त्यासाठी पैसे देऊ नका आणि घेऊही नका.

मोबाइलवरच्या जाहिरातींचंही तेच. तुमचं नाणं आम्ही लाखोंना घेतो, आधी एवढे रुपये नोंदणीचे, मग एवढे कराचे. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हही लावलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीरच केलं आहे की जुनी नाणी-नोटा खरेदी-विक्रीच्या कामात ती नाही आणि असल्या व्यवहारासाठी कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्याने पैसे भरायचे, हा व्यवहारच उलटा आहे. बाजारात वांगी विकायला बसलेल्या बाईकडून गिऱ्हाईक आधी पैसे मागतं का?

घासू नका

हे वाचून लगेच चिंच आणि राख काढाल, म्हणून सांगते. नाणं घासायचं नाही. पितांबरी नको, टूथपेस्ट नको, लिंबू तर नकोच. वर चढलेला काळपट थर नाण्याला सांभाळतो. घासलेलं नाणं चकाकतं, पण बारीक रेघा उठतात, अक्षरं झिजतात आणि जमवणारा माणूस ते हातात घेऊन परत ठेवतो. फारच माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपा. पूजेसाठी एकच रुपया ठरवून घ्या. हळदी-कुंकू, पंचामृत सगळं त्याच्यावर होऊ दे, बाकीच्यांना त्रास नको. ठेवताना कागदाची किंवा सुती कापडाची वेगवेगळी पुडी करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो.

ज्यांच्याकडे कडी लावलेल्या रुपयांची माळ आहे, त्यांनी कड्या कानशीने काढू नयेत. डाग राहतोच आणि चांदीही जाते. माळ म्हणूनच ती छान आहे.

गटाच्या बैठकीत काय करायचं

प्रत्येकीने एकच रुपया आणायचा. घरात एकूण किती आहेत हे बोलायचं नाही आणि इतिवृत्तात तर मुळीच लिहायचं नाही. गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. एक भिंग, एक लोहचुंबक आणि ग्रॅमचा छोटा वजनकाटा मिळवा. मग एकेकीने आपला रुपया वाचून दाखवायचा: चेहरा कोणाचा, साल कोणतं, कड कशी, वजन किती, खाली खूण आहे का. घरी गेल्यावर प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढून ठेवा. आईने दिलेले रुपये हे आपलं स्त्रीधन आहे, त्याची नोंद आपल्या हातात असलेली बरी.

विकायचेच असले तर दोन दुकानांत विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या, ग्रॅममध्ये लिहिलेली पावती घ्या आणि भाव ठरेपर्यंत वितळवू देऊ नका. नुसत्या पैशाची अडचण असेल तर आधी गटातून अंतर्गत कर्ज मागा. गटाचं कर्ज फेडता येतं, वितळलेला रुपया परत येत नाही. एखादा प्रकार वेगळा वाटला तर मोठ्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे जाणकार भेटतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय बघून या.

आणखी एक. हे सगळं घरात पिढीजात आलेल्या नाण्यांबद्दल झालं. शेत नांगरताना किंवा जुनी भिंत पाडताना जमिनीत पुरलेला गडवा सापडला तर त्याला १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसीलमध्ये लेखी द्या आणि पोच घ्या. वाटून घेतलं तर पुढे ज्याचा वाटा त्यालाच त्रास.

पुढच्या अंकात तांब्याची नाणी घेऊ: शिवराई, ढब्बू आणि भोकाचा पैसा. कुणाकडे शिवराई असेल तर तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, अक्षरं उमटतात. तो कागद सीआरपी ताईंकडे द्या. नाणं मात्र घरीच राहू द्या.